मुशीच्या तेलाचा दिवा

मित्रांनो, मुरबे गावच्या साखरबाईंच्या घरातला मी एक जुना पितळी दिवा आहे. चिंचणीच्या एका तांबटाने मला घडवले. सुरुवातीला माझ्यात उंडीच्या बियांचे तेल असे. पुढे साखरबाई मुशी माशाचे यकृत उकळून तेल काढू लागल्या. त्या तेलाला उग्र वास येई, पण मी घरभर उजेड देत असे.

उतारवयात साखरबाईंची दृष्टी गेली. तरी मी पेटलो की वासावरून त्यांना कळे. त्या हात जोडत आणि मग सुनेशी, दमयंतीशी, बोलत बसत. दमयंती पालघरची. तिला तो वास सोसत नसे. रॉकेलची चिमणी आली तेव्हा तिने मला फळीवर ठेवले. रॉकेललाही वास होता, म्हणून साखरबाईंचे अडले नाही.

त्यांचा मुलगा भगवंत तारापूरला वीजघराच्या बांधकामावर जाई. सहासष्ट साली घरात वीज आली. सगळे आनंदले. मला मात्र फळीवरून साखरबाई दिसत. त्या भिंतीला टेकून गप्प बसून राहत. एकदा ताट पुढे आले तरी त्यांनी हात जोडले नव्हते. दमयंतीने कारण विचारले.

त्या म्हणाल्या, "दिवा लागला ते मला कळलाच नाय गो. मी अजून सांजेची वाट बघतंय."

 दुसऱ्या दिवशी दमयंतीने मला चिंच लावून घासले. मुशीचे तेल आता फक्त होडीला लावायला काढत. शेजारच्या रखमाबाईंकडून तिने ते वाटीभर मागून आणले आणि विजेच्या दिव्याखालीच मला पेटवले. साखरबाईंनी मान वर केली, हात जोडले आणि कितीतरी दिवसांनी सुनेला हाक मारून जवळ बसवले.

दोन वर्षे असे चालले. मग साखरबाई गेल्या आणि मी पुन्हा फळीवर आलो. आता माझ्याकडे कोणी बघत नाही. एका संध्याकाळी मात्र दमयंतीने मला खाली घेतले, नाकाशी धरले आणि तसेच परत ठेवले.

मित्रांनो, मला पेटवा असे मी म्हणत नाही. विजेचा उजेड माझ्यापेक्षा चांगला आहे. पण तुमच्या घरात कोणाला दिसत नसेल, तर बटण दाबल्यावर त्यांच्याजवळ जाऊन सांगा, की सांज झाली.