सेनापती सुधारणार होता

सेनापती सुधारणार की नाही, यावर मी आणि माझा धाकटा भाऊ नऊ वर्षं भांडत होतो. सेनापती म्हणजे अंतराळातल्या एका परदेशी मालिकेतला खलनायक. पहिल्याच पर्वात एक अख्खा ग्रह जाळायचं बटण दाबण्याआधी तो चार सेकंद थांबतो. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. भावाने तो प्रसंग थांबवून थांबवून पाहिला आणि चाहत्यांच्या ग्रुपवर हा एवढा मोठा लेख टाकला. हात थरथरतोय, म्हणजे आत माणूस शिल्लक आहे, शेवटी तो आपल्या मुलीला वाचवणार. मी खाली लिहिलं, "बोटं आखडली असतील. ग्रह जळाला ना?"

भांडणात मजा होती, बाबांना अर्धांगाचा झटका येईपर्यंत.

चौदा वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली आणि सातव्या महिन्यात बाबा घर सोडून गेले. "मला हे बघवत नाही," म्हणाले. बघायला मी होते ना, एकवीस वर्षांची घोडी. भाऊ तेव्हा बारा वर्षांचा. त्याला खांद्यावर बसवणारे बाबा आठवतात. मला आठवतं, आईची चादर बदलताना दुसरं टोक धरायला कुणी नसायचं. आई गेली तेव्हाही ते आले नाहीत. आता डावं अंग लुळं पडलं, दवाखान्यातून आठ दिवसांत सोडणार होते, आणि जायला जागा नव्हती.

"ताई, त्यांना घरी आणू या ना," भाऊ म्हणाला. "बदललेत गं ते. मला बघून रडतात."

"अर्धं अंग गेल्यावर कुणीही बदलतं. आश्रम बघ एखादा."

तीन दिवस तो माझ्या मागे लागला होता. चौथ्या दिवशी मीच म्हणाले, "रविवारी शेवटचा एपिसोड येतोय. तुझा सेनापती सुधारला, तर बाबा या घरात. नाही सुधारला, तर आश्रम, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

बाहेरच्याला हा खुळेपणा वाटेल. पण आई गेल्यावर आमच्या घरात जिव्हाळ्याचं जे काही बोलणं व्हायचं ते त्या मालिकेच्याच आडून. त्याने ताबडतोब हात पुढे केला. त्याला खात्री होती.

मला त्याहून जास्त होती. मी सबटायटलच्या ऑफिसात काम करते. पडद्यावर कोणती ओळ कधी यावी आणि कधी जावी, ते डोळ्यांत तेल घालून जुळवते. तीन आठवड्यांपूर्वी तो एपिसोड माझ्याच टेबलावर आला होता. बाहेर बोलणार नाही अशी सही करून दिली होती, म्हणून घरी सांगितलं, यंदा काम दुसऱ्या ऑफिसला गेलं. मी तो अकरा वेळा पाहिला होता.

रविवारी दुपारी आम्ही टीव्हीसमोर बसलो. मुलीचं यान तोफेसमोर आलं. सेनापतीचा हात बटणावर गेला आणि थांबला. भावाने उशी पोटाशी घट्ट धरली. गॅसवर चहा होता, उतू जाईल म्हणून मी उठले, गॅस बंद केला, कप घेऊन बाहेर आले. पडद्यावर यान जळत होतं. भाऊ पडद्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"तू उठलीस," तो म्हणाला.

"चहा उतू..."

"नऊ वर्षांत एपिसोड चालू असताना तू पाणी प्यायलाही उठली नाहीस. आणि नेमकी आत्ता उठलीस." एकेक धागा जोडत तो हळूहळू बोलत होता, सेनापतीबद्दल बोलायचा तसंच. "तुमच्याच ऑफिसला आला होता ना हा?"

मी कप खाली ठेवले. मग म्हणाले, "सही केली होती मी. सांगता येत नव्हतं."

"नसतं सांगितलंस. पैज कशाला लावलीस? केसाने गळा कापलास, ताई."

माझा तोल गेला. "आईची चादर धरायला होतास का तू?"

"मी बारा वर्षांचा होतो गं."

मी टीव्ही बंद केला.

त्याने शब्द पाळला. बाबा या घरात आले नाहीत. त्याने दवाखान्याजवळ एक खोली घेतली आणि गुरुवारी कपडे भरून निघाला. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं, पण त्याने ते नीट लोटून घेतलं. फोन केला की म्हणतो, "बाबांना भरवतोय, नंतर बोलतो." ते नंतर दोन महिन्यांत आलेलं नाही.

परवा ग्रुपवर एका नव्या मुलीने विचारलं, सेनापतीला आता माफी मिळू शकते का? शंभरेक लोक तिच्यावर तुटून पडले. पोटच्या पोरीला जाळणाऱ्याला कसली माफी! मी तासभर बसून लिहिलं. यान जळण्याआधी मागच्या दारातून जीव वाचवायची एक छोटी होडी सुटली असेल. त्याला ती दिसली असेल, तिला जाऊ द्यायलाच तो थांबला असेल. मुलगी जिवंत असेल तर कधीतरी त्याचं ऐकून घेईल.

तिथे होडीबिडी काही नाही. त्या दृश्याखालच्या ओळी मीच बसवल्यात. बाकीच्यांनी विचारलं, तुला ताप आलाय का? माझी पोस्ट वाचलेल्यांच्या यादीत भावाचं नाव होतं. त्याने काहीच लिहिलं नाही.