मान सरळ, तोंड बंद

सोमवारी सकाळी दंतवैद्य काकूंचे पुढचे दोन दात काढणार होता, आणि त्याआधी काकूंना त्या दातांसकट, मनमोकळं हसतानाचा एक फोटो हवा होता. एकच.

दात तसे मिरवण्यासारखे नव्हते. वरचे, मधे फट असलेले, काकूंच्या आधी खोलीत शिरणारे. लग्न ठरताना आईने बजावलं होतं, "तोंड मिटून बस गं बाई." पण काकू हसल्या की ते दोघं असे काही पुढे यायचे की समोरच्यालाही हसू आवरायचं नाही. आता हिरड्यांनी दगा दिला होता. डावा तर नुसता जिभेने ढकलला तरी हलायचा. "नवे बसवू, एकदम सरळ, फटबिट काही नाही," दंतवैद्य मोठ्या उत्साहात म्हणाला. काकू घरी येऊन आरशापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांना रडूच आलं. जन्मभर ज्यांच्यापायी लाजल्या, ते निघाले म्हटल्यावर त्यांना पोटच्या पोरी सासरी निघाल्यासारखं वाटायला लागलं.

आता कुणी म्हणेल, घरात एकही फोटो नव्हता की काय? अहो, नवराच फोटोवाला! बाजारात काकांचं छोटंसं दुकान होतं. एक स्टूल, मागे पांढरा पडदा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, आणि खुंटीवर एक काळा कोट, जो सगळ्या गावाने घातला होता आणि कुणालाच बसत नव्हता. पासपोर्ट, लायसन, परीक्षेचे फॉर्म, सगळ्यांचे फोटो तिथलेच. "मान सरळ. हनुवटी खाली. कान दिसू द्या. हसू नका." दिवसभर हाच जप. बाजारात लोक त्यांना मानसरळ म्हणत, आणि काकांना ते कौतुक वाटे.

काकूंचे फोटोही काकांनी भरपूर काढले होते. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. प्रत्येक फोटोत काकू मान सरळ, तोंड बंद. बारशातही, सहलीतही, थेट लेकीच्या लग्नातही. अल्बम उघडला की वाटावं, पोलीस हिला शोधताहेत.

आईचं हे दुःख लेकीला फोनवरून कळलं आणि तिने शनिवारच्या शहर-दर्शनाची दोन तिकिटं पाठवून दिली. बसमधून हिंडायचं, गाइड सगळी माहिती सांगणार, प्रत्येक ठिकाणी कंपनीचा फोटोग्राफर फोटो काढणार. "बाबांना फक्त शेजारी उभं कर. कॅमेऱ्याला हात लावू देऊ नकोस," लेक म्हणाली. लेक मोठी शहाणी.

शनिवारी सकाळी काकू गुलाबी ओढणी घेऊन बसच्या पहिल्या बाकावर बसल्या. शेजारी काका, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणही लावलेलं. मागे एक निवृत्त न्यायाधीश, भलंमोठं पोट आणि त्याहून मोठी हॅट. त्यांच्या मागे एक नवं जोडपं, ज्यांचे हात फेविकॉल लावल्यासारखे एकमेकांत होते. आणखी बरीच मंडळी. पुढे गाइड उभी, विशी-पंचविशीची पोरगी, हातातल्या काठीच्या टोकाला प्लॅस्टिकचं सूर्यफूल. पण पोरीचा चेहरा पडलेला होता.

"एक सांगायचं होतं," ती माइकमध्ये म्हणाली. "आपले फोटोग्राफर आजारी पडलेत. तेव्हा फोटो... म्हणजे आपले आपणच..."

बसमध्ये कुरकुर सुरू झाली. न्यायाधीशांनी हॅट काढली, म्हणजे प्रकरण गंभीर. पोरगी रडकुंडीला आली. काकूंना तिची दया आली, आणि इथेच त्यांनी हात दाखवून अवलक्षण केलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"अगं, त्यात काय! आमचे हे फोटोग्राफरच आहेत. दुकान आहे आमचं!"

टाळ्या! सगळी बस काकांकडे वळली. काका हळूच उठले, घसा खाकरला, म्हणाले, "काढू की. प्रत्येकाच्या फोनवर प्रत्येकाचा." काकूंचं ऊर अभिमानाने भरून आलं, आणि पुढच्याच क्षणी लेकीचे शब्द आठवून त्यांनी जीभ चावली. पण आता काय उपयोग? बस निघाली होती.

पहिलं ठिकाण, घड्याळाचा मनोरा. उंच, दगडी, पुढ्यात कारंजं, कबुतरं. लोक मान मागे टाकून बघत राहिले. काकांनी मनोऱ्याला एक प्रदक्षिणा घातली आणि मागच्या बाजूला त्यांना हवं ते सापडलं. नुकतीच चुना मारलेली कोरी भिंत.

"या," ते म्हणाले. "एकेक जण."

आणि सुरू झालं. मान सरळ. हनुवटी खाली. कान दिसू द्या. आवाजात असा काही अधिकार की कुणाला काही विचारायचं सुचेचना. ज्यांनी आयुष्यभर लोकांना पिंजऱ्यात उभं केलं, ते न्यायाधीश भिंतीला पाठ लावून गुपचूप उभे राहिले. हॅट काढा म्हटल्यावर काढली, चष्मा काढा म्हटल्यावर तोही काढला. नवं जोडपं हसत हसत पुढे आलं, तर काकांनी मधे हात घातला.

"एका फोटोत एकच माणूस."

"पण काका, आमचं गेल्याच आठवड्यात लग्न झालंय!"

"अभिनंदन. आधी मुलगी."

मग काकूंची पाळी आली. काकू उभ्या राहिल्या, नवऱ्याकडे बघितलं आणि दातांना सोडून दिलं. सगळी बत्तीशी बाहेर. काका फोन धरून नुसते थांबले.

"तोंड मीट."

"आज नाही मिटणार."

"अगं, मागे लोक खोळंबलेत. तोंड मीट म्हणतो ना."

"चला चला, पुढचं ठिकाण!" सूर्यफूल हललं, आणि काकूंचं तोंड सवयीने मिटलं. तेवढ्यात काकांनी फोटो काढला. काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

नदीवरच्या पुलावर काकांना पुलाचा कोरा खांब सापडला, नाट्यगृहात तिकीटघराची बंद खिडकी, बागेत माळ्याच्या खोलीचं दार. प्रत्येक ठिकाणी काकूंनी हसून बघितलं, प्रत्येक ठिकाणी काकांनी तोंड मिटेपर्यंत वाट बघितली. वाट बघण्यात काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लहान मुलांचं रडणं थांबेपर्यंत वाट बघितलेला माणूस तो. आणि फोटो बघायचीही सोय नव्हती. कुणी फोन उघडला की सूर्यफूल हलायचं, "नंतर बघा, उशीर होतोय!"

ते 'नंतर' जेवणाच्या वेळी आलं. सगळे हॉटेलात बसले, सँडविच आली आणि फोन उघडले गेले.

पहिला आवाज न्यायाधीशांचा. "हा मनोऱ्याचा फोटो. यात मनोरा कुठे आहे?"

"बाजूला होता," काका म्हणाले.

"आणि हा पूल?"

"खांब पुलाचाच आहे."

"पण दिसतोय फक्त मी! चारी फोटोंत मी! आणि माझे कान!"

"कान छान आलेत," काका समाधानाने म्हणाले. "मागे काही यायला नको. काही आलं की फोटो नापास होतो."

एकच गलका उठला. नव्या नवरीने आपले फोटो नवऱ्याच्या फोटोंशेजारी धरून बघितले. "अहो, हे बघा ना, आपण दोघं एकाच दिवशी वेगवेगळ्या तुरुंगात गेल्यासारखे दिसतोय!" गाइडने कपाळाला हात लावला. संध्याकाळी सगळे कंपनीला काय काय लिहितील, ते तिच्या चेहऱ्यावर आत्ताच उमटलं होतं. लोक काकांकडे बघत होते, मग काकूंकडे. आपलेच दात नि आपलेच ओठ. काकू उठल्या.

"चूक माझी आहे. मीच सांगितलं ना तुम्हाला, फोटोग्राफर आहेत म्हणून. मग आता मीच सांगते. चला, उलटं फिरू! बाग, नाट्यगृह, पूल, मनोरा. ज्याचे त्याने काढायचे. काय हो ड्रायव्हरदादा, जमेल?"

ड्रायव्हरने उरलेलं सँडविच एका घासात संपवलं. "धावलात तर जमेल."

आणि मंडळी धावली! ज्यांनी सकाळपासून मोजून पावलं टाकली होती, ते शेपटीला फटाका बांधल्यासारखे सुटले. बागेत न्यायाधीश दगडी हत्तीवर बसले आणि तिघांनी ओढल्यावर उतरले. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर सगळ्यांनी नटांसारखं वाकून नमस्कार केला, तर समोरून जाणाऱ्या लोकांनी खरंच टाळ्या वाजवल्या. पुलावर नव्या जोडप्याने असा काही फोटो काढून घेतला की न्यायाधीशांनी हॅट डोळ्यांवर ओढली. गाइड तर सूर्यफूल बसमध्येच विसरली आणि सगळ्यांच्या पुढे पळत सुटली. काकूंनी कुणाकुणाचे फोटो काढले याला गणती नव्हती. हसून हसून पोट दुखायला लागलं.

फक्त काका बसमधून उतरत नव्हते. पुलावरून परत आल्यावर काकू त्यांच्या शेजारी बसल्या. काका खिडकीबाहेर बघत होते.

"लोक हसतात मला," काका म्हणाले.

"हसू देत. मला राग आलाय तुमचा, खराखुरा. सोमवारी हे दोन जाणार. माहीत आहे ना तुम्हाला? सगळ्या बसने आज फोटो काढून देऊ का म्हणून विचारलं मला. मी नाही म्हटलं. मला तुमच्याकडूनच हवाय. आणि तुम्ही म्हणता तोंड मीट."

काका वरचं बटण सैल करत म्हणाले, "तू हसलीस की मलाही हसू येतं. पहिल्यापासून. हात हलतो. फोटो हलतो. हललेला फोटो मी कुणाला देत नाही, तुला कसा देणार?"

इतकी वर्षं काकूंना वाटत होतं, या माणसाला आपले दात आवडत नाहीत. सांगायला काय झालं होतं मेल्याला! त्यांना रडू यायला लागलं, राग यायला लागला आणि त्या दोन्हींच्या मधून हसूही यायला लागलं. बस मनोऱ्यापाशी थांबली. त्यांनी काकांचा हात धरून त्यांना खाली ओढलं.

"हलू दे. काढा."

काकू मनोऱ्यासमोर उभ्या राहिल्या. मंडळी गोल करून उभी. काकांनी फोन धरला.

"मनोरा येत नाही," न्यायाधीश म्हणाले. "मागे या."

काका एक पाऊल मागे गेले. फोटोतल्या माणसापासून हातभरापेक्षा लांब जायची त्यांना सवय नव्हती.

"अजून मागे! अर्धाच आलाय!"

काका मागे गेले. डोळे फोनमध्ये.

"अजून! थोडं अजून! थां—"

आणि काका कारंज्यात गेले. पडले नाहीत, उभेच्या उभे, गुडघाभर पाण्यात, मान सरळ, फोन तसाच धरलेला. दोन कबुतरं त्यांच्या डोक्यावरून उडाली.

काकूंना जे हसू फुटलं ते पोटातून नाही, पायाच्या नखापासून आलं. त्या वाकल्या, सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या, आणि तेवढ्यात तोंडात काहीतरी कटकन वाजलं. काकूंनी तळहात पुढे धरला. डावा दात. दोन दिवस दम नाही निघाला मेल्याला.

काकूंनी हात तोंडावर दाबला. गेलं. एवढं सगळं करून गेलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"हात काढ," काका पाण्यातून म्हणाले.

काकूंनी नाही म्हणून मान हलवली.

"हात काढ. एक तोंडात आहे, एक हातात आहे. दोन्ही येतात फोटोत, मी बघतो ना." मग त्यांनी थोडा श्वास घेतला, जसा एखादा माणूस परक्या भाषेतला शब्द पहिल्यांदा उच्चारताना घेतो. "हस."

काकूंनी हात काढला. दात दोन बोटांत धरून गालाशी उंच केला आणि नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या विजारीतून पाणी निथळत होतं, आणि त्याचे खांदे हलायला लागले होते. मग काकूंना कोण थांबवणार? त्या हसल्या, तोंड उघडून, फट, भोक, हिरड्या, सगळ्यासकट. काका पाण्यात गदगदा हसत होते. फोन थरथरत होता. त्यातच बटण दाबलं गेलं.

सगळे फोनभोवती जमले. मनोरा तिरका आला होता आणि दोनदा आला होता. काकूंच्या गुलाबी ओढणीचा नुसता फराटा. चेहरा हललेला, आणि बोटांतला दात तर तीन ठिकाणी होता.

काकांचा चेहरा उतरला. "वाया गेला. थांब, दुसरा काढतो. हात घट्ट धरतो आता."

"काही नको," काकूंनी फोन ओढून घेतला. एक दात नसल्याने शब्द थोडे शिट्टीत येत होते. "हाच राहू दे."

"अगं, पण हललाय तो!"

"हललाय म्हणूनच तर," काकू म्हणाल्या. "यात तुम्हीही आलात ना."