लय कोणी पाडली?

ढोलकवाल्याला घरात सगळे 'घड्याळ' म्हणत. तरुणपणी त्याचा ठेका कधी तसूभर हलला नाही, म्हणून थोरल्या बहिणीनेच हे नाव ठेवलं होतं. आता तीच अक्का उठसूट म्हणायची, "घड्याळाला चावी द्या रे कुणीतरी." अक्का गायची, तिचा नवरा व्हायोलिन वाजवायचा आणि हा ढोलक. वडिलांनी शिकवलेली जुनी गाणी तिघं इतकी वर्षं गात आले होते की मांडीवर बसून ऐकणाऱ्या पोरांना आता टक्कल पडलं होतं.

अलीकडे मात्र प्रत्येक कार्यक्रमानंतर एकच भांडण. लय पडते! नावाड्याचं गाणं असं चालायचं की काठावरची माणसं पायी चालत होडीच्या पुढे निघून जावीत. आणि लय पडली की गुन्हेगार कोण? ढोलकवाला. गाणाऱ्याला कोण विचारतं? "हात आहे की ओलं लाकूड?" असं अक्काने एकदा चारचौघांत विचारलं होतं.

घड्याळ मूग गिळून बसायचा. खरं कारण त्याला माहीत होतं, पण ते सांगितलं असतं तर अक्काने घर डोक्यावर घेतलं असतं. तिचा दम कमी झाला होता. ओळीच्या मध्येच श्वास संपायचा आणि मानेची शीर टरारून यायची. ती शीर दिसली की हा हात आवरता घ्यायचा, तिला श्वासापुरती जागा करून द्यायचा. तिच्यासाठी मरमर मरायचं आणि वर तिच्याच शिव्या खायच्या!

आज ती सगळी गाणी रेकॉर्ड व्हायची होती. एवढ्या वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं, आणि पुन्हा कोणी विचारेल अशी वयं राहिली नव्हती. स्टुडिओ म्हणजे एका दुकानाच्या वरची बंद खोली होती. भिंतींना जाड काळा स्पंज, जमिनीवर वायरींचं जाळं, मध्ये काच आणि काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाल्या बाई. बाईंच्या टेबलावर बटणांची एक चपटी पेटी होती.

"हे काय?" घड्याळाने विचारलं.

"ठेक्याचं मशीन. ताईंनीच फोन करून सांगितलं होतं. म्हणाल्या, भावाला जमलं नाही तर हे लावू."

घड्याळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांच्या गाण्यांचं हे एकुलतं एक रेकॉर्डिंग, आणि त्यात त्याच्या जागी बटणं वाजणार!

"जमलं नाही तर कशाला? आधीच लावा," तो म्हणाला. ढोलकाची पिशवी त्याने उघडलीच नाही. काचेपलीकडे, बाईंच्या शेजारी खुर्ची ओढून तो हाताची घडी घालून बसला.

"अरे, असा काय करतोस?" भावोजी म्हणाले.

"तुम्ही वाजवा हो भावोजी. मी ऐकतो."

बाईंनी वेग विचारला, तसा अक्काने टेबलावर बोटांनी ठेका धरून दाखवला. बाबांचाच वेग, अगदी तंतोतंत. घड्याळाला आणखीनच चीड आली. म्हणजे हिला सगळं आठवतंय.

अक्का आणि भावोजी काचेच्या आत गेले आणि मशीन सुरू झालं. पहिली ओळ झकास गेली. दुसऱ्या ओळीला मानेची शीर वर आली, आणि इकडे नकळत गुडघ्यावर ठेका धरलेला घड्याळाचा हात आपोआप थांबला. मशीन कशाला थांबतंय? ते आपलं टकटक करत पुढे गेलं. अक्का मागे राहिली, तिला गाठायला भावोजींच्या व्हायोलिनचा गज अडखळला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. नंतर तर अक्काला ठसकाच लागला. ती कानांवरचे हेडफोन उपटून तणतणत बाहेर आली.

"मेलं थांबतच नाही!"

"कशाला थांबेल? थांबत मी होतो."

"तू? कोणासाठी?"

"तुझ्यासाठी! दम लागतो तुला."

अक्का कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मला दम लागतो? आणि तुझा खांदा? वाजवताना तोंड कसं होतं, बघितलंयस कधी आरशात? तुझा हात मागे पडला की मी ओळ ताणून धरायची, म्हणजे तुला जरा सैल मिळावं. आणि हा म्हणे माझ्यासाठी!"

मागोमाग आलेले भावोजी गजाला राळ लावत होते. मान वर न करता म्हणाले, "आणि मी तुम्हा दोघांसाठी रेंगाळत होतो."

"अहो, मग बोलायचं नाही का?"

"तुम्हा बहीण-भावांच्या मध्ये बोलायला कधी जागा सापडलीय?"

घड्याळाने कपाळाला हात लावला. "मग हे मशीन कशाला बोलावलंस, अक्का?"

"खांद्याला एक दिवस सुट्टी म्हणून! सरळ सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

ऐकलं नसतं. खांदा दुखतो हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. आता राग काढायला कोणी उरलंच नाही, याचाच त्याला जास्त राग आला. त्याने खसकन पिशवीची चेन ओढली आणि ढोलक बाहेर काढला.

तिघं आत एकाच खोलीत, समोरासमोर बसली. अक्काने दटावलं, "आज कोणी कोणासाठी थांबायचं नाही. सांगून ठेवते."

नावाड्याचं गाणं निघालं. बाबांइतक्या वेगात नाही, पण होडी पाण्यात होती. शेवटच्या कडव्यापाशी घड्याळाची नजर अक्काच्या मानेकडे गेली. अक्काची त्याच्या खांद्याकडे. भावोजींची दोघांकडे. आणि तिघंही थांबली. ना ढोलक, ना गज, ना आवाज. मग अक्काने श्वास घेतला आणि तिघं एकदम आत शिरली.

गाणं संपल्यावर काचेपलीकडून बाई म्हणाल्या, "छान झालं. फक्त शेवटच्या कडव्याआधी मध्येच सगळं बंद पडलंय. तेवढं कापून जोडून टाकते, कळणारही नाही."

"खबरदार!" तिघंही ओरडली.

बाई दचकल्या. अक्काने पदराने मान पुसली.

"त्याला हात लावू नका," ती म्हणाली. "आमचं असं तेवढंच आहे त्यात. बाकी सगळं बाबांचं."