माझ्या पाठीवरच्या फळ्या

मी एक जुना रस्त्याचा रोलर आहे, मित्रांनो, आणि तुम्ही रोज माझ्याच पाठीवरून शाळेला जाता. पायाखाली डुगडुगणाऱ्या त्या फळ्या माझ्यावरच टाकलेल्या आहेत. आज मी ओढ्याच्या गाळात आडवा पडलो आहे, माझ्या धुराच्या नळीत बेडूक राहतात. पण एके काळी या गावात माझा मोठा मान होता. मी निघालो की मुले मागे धावत आणि म्हातारी माणसे कौतुकाने ओट्यावर येऊन उभी राहत.

मला चालवायचे ते मामा. ते सगळ्या गावाचे मामा होते, अगदी नगराध्यक्षांचेसुद्धा. मला पुसल्याशिवाय ते घरी जात नसत. डबा घेऊन आलेली मामी कमरेवर हात ठेवून म्हणे, "घरच्या भिंतीला कधी फडकं लावलंत का? या लोखंडाची मात्र रोज आंघोळ!"

"अगं, भिंत कुठे कामाला येते माझ्याबरोबर?" मामा हसत म्हणत.

तेव्हा नगरपालिकेत एक बांधकाम अधीक्षक होते. गावातले रस्ते, गटारे, पूल सारे त्यांच्या नजरेखाली असे. त्यांनी मामांना एकदा बजावले होते, "ओढ्याच्या पुलावरून रोलर न्यायचा नाही. पूल म्हातारा झालाय. वीटभट्टीकडून वळसा घाला." वळशाला अर्धा दिवस जाई, पण आम्ही तो निमूटपणे घालत असू.

मग साहेब निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामी झाली. ती भरायला मुलाखतीमागून मुलाखती झाल्या, पण एका सदस्याचा भाचा दुसऱ्याला चालेना आणि दुसऱ्याचा मेहुणा तिसऱ्याला खपेना. त्यात एक नवीच रीत पडली. उमेदवारावर छाप पडावी म्हणून प्रत्येक मुलाखतीआधी कचेरीसमोरच्या रस्त्यावर नवे डांबर ओतायचे. सगळ्या गावाचे डांबर त्या एका रस्त्याच्या पोटात गेले. डांबराचा वास आला की लोक म्हणत, "चला, साहेब बघायचा कार्यक्रम आहे वाटतं!" बाकीच्या रस्त्यांवर खड्डे पडत होते आणि मी गुळगुळीत रस्ता पुन्हा गुळगुळीत करत होतो. मला त्याची लाज वाटे.

एकदा एक बाई मुलाखतीला आल्या. कचेरीसमोरच्या रस्त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. त्या थेट ओढ्यात उतरल्या, पुलाखाली वाकून बराच वेळ पाहत राहिल्या आणि चिखलाच्या पायांनी कचेरीच्या आवारात आमच्याजवळ आल्या.

"मामा, हा रोलर त्या पुलावरून नेता का?"

"नाही बाई. जुन्या साहेबांनी सांगून ठेवलंय."

"शहाणे होते तुमचे साहेब. कुणी कितीही सांगितलं तरी नेऊ नका."

मुलाखतीची खोली आवाराला लागूनच आहे आणि खिडकी उघडी होती. बाई आत शांतपणे म्हणाल्या, "मला नेमलंत, तर पहिल्याच दिवशी तो पूल बंद करेन." त्यावर नगराध्यक्षांचा आवाज आला, "तुम्ही नोकरी मागायला आलात की आमचा रस्ता अडवायला?" सगळे हसले. सदस्यांचे एकमत झाले ते एवढ्या एकाच गोष्टीवर, की ही बाई नको.

पुढचा उमेदवार ओढ्यापलीकडच्या वाटेने येणार होता. म्हणून तिकडचा रस्ताही तातडीने सपाट करायचा ठरले. नगराध्यक्ष स्वतः आवारात आले.

"मामा, रोलर पुलावरून काढा. वळसा घालत बसलात तर आजचा दिवस गेला."

"पण साहेबांनी बजावलंय..."

"कोणते साहेब? जागा रिकामी आहे ना? मग आता साहेब मीच!"

मामांनी मला सुरू केले. नोकरीच्या माणसाने यापुढे काय बोलावे? पुलाशी मामी डबा घेऊन उभी होती. मामा तिला म्हणाले, "तू इकडेच थांब. पोरांनाही थांबव." मग त्यांनी मला हलकेच थोपटले आणि पुढे घेतले. पुलाच्या मध्यावर माझ्या चाकाखालचा दगड सरकला. मी थांबू शकलो नाही. आम्ही दोघेही खाली गेलो.

मामा गेले, मित्रांनो. मी इथेच राहिलो.

शोकसभा झाली आणि सगळे मान खाली घालून उभे राहिले. मला काढून नवा पूल बांधायचा, तर कामाच्या कागदांवर अधीक्षकाची सही लागते आणि अधीक्षक तर नाही. म्हणून तात्पुरत्या फळ्या माझ्यावर टाकल्या. तात्पुरत्या म्हणता म्हणता त्या कुजल्या. मधली फळी खालून तडकली आहे, ती तुम्हाला वरून दिसत नाही. ती बघायला ओढ्यात उतरणारे कुणी आता येत नाही. आज वाऱ्यावर पुन्हा डांबराचा वास आला. कचेरीसमोर भाड्याचा रोलर फिरत असणार.

सारे गाव माझ्यावरून जाते. मामी मात्र जात नाही. गुडघे दुखत असतानाही ती वीटभट्टीकडून वळसा घालते. रोज सकाळी ती तुम्हाला हाक मारते, "पोरांनो, माझ्याबरोबर चला रे!" आणि तुम्ही फळ्यांवर उड्या मारत ओरडता, "आजी, शाळेला उशीर होतो!"

मला लोखंडाला आवाज नाही, नाहीतर मीच ओरडलो असतो. उद्या ती हाक मारेल तेव्हा तिचा हात धरा आणि वळशाने जा. उशीर झाला तर वर्गाबाहेर उभे राहा. ती तुमच्यासाठीही त्या काठावर डबा घेऊन उभी राहिलेली मला बघवणार नाही.