ओढ्यावर नेलेलं पाणी

मुलांनो, जरा डोळे मिटा. गुडघाभर पाण्याचा ओढा, आणि त्यात गमबूट घालून उभी असलेली एक बाई. आजूबाजूला चिटपाखरू नाही. दिसली? ती पर्यावरण शास्त्रज्ञ. पाण्यात काय काय मिसळतंय ते शोधणं हे तिचं काम. काम तिला मनापासून आवडायचं. पण आज काय सापडलं, हे सांगायला घरी कुणी नव्हतं. संध्याकाळी कुलूप उघडायचं, दिवा लावायचा आणि रेडिओशी बोलायचं.

म्हणून सुट्टीत बहिणीची मुलगी राहायला आली, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. पण भाची लगेच कंटाळली.

"मावशी, मी उद्या घरी जाऊ?"

मावशीने गमबूट उचलले. "जा हं. पण आज माझ्याबरोबर ओढ्यावर चल."

ओढ्यावर मावशीने पाण्याच्या बाटल्या भरल्या. एक बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच शुद्ध पाण्याने भरून आणली होती. तिचं झाकण काढलं, जराशाने पुन्हा लावलं.

"ओढ्यावर पाणी घेऊन येतेस? वेडी आहेस का गं?"

"आहेच! थांब, पुलाखालचं पाणी घेऊन येते, मग सांगते."

मावशी परतली तेव्हा प्रयोगशाळेतली ती बाटली रिकामी होती आणि भाचीचे हात लखलखीत.

"चिखल लागला होता... हेच पाणी स्वच्छ होतं ना?"

मावशी दगडावर बसली. रागावली मात्र नाही. "अगं, हे पाणी नुसतं सोबत येतं, इथली हवा खातं नि परत जातं. तपासल्यावर ते स्वच्छच निघालं, तर बाकीच्या बाटल्यांतली घाण ओढ्याचीच. त्यातही घाण निघाली, तर ती कदाचित माझ्याच हातांची. त्याच्याशिवाय माझं म्हणणं कोण खरं मानेल?"

"म्हणजे सगळी मेहनत पाण्यात?"

"पाण्यातच! उद्या पुन्हा यायचं."

"एकटीच?"

"सवय आहे गं."

"तरी आवडतं तुला?"

मावशीने भरलेल्या बाटल्या एकेक करून ओढ्यात ओतून दिल्या. "आवडतं. खात्रीने खरं असं थोडंसं तरी सांगता येतं ना."

सकाळी भाचीची बॅग भरून दाराशी ठेवलेली दिसली. मावशीने रिकाम्या बाटल्यांचं खोकं गाडीत ठेवलं आणि शुद्ध पाण्याची नव्याने भरलेली बाटली आणायला वळली. बाटली जागेवर नव्हती.

भाची गाडीत पुढच्या सीटवर बसली होती, बाटली मांडीत, दोन्ही हात झाकणावर घट्ट. बॅग दाराशीच राहिली.