खांद्याखालची दोन बोटं

"शून्य," काका म्हणाले.

मी पेन टेबलावर आपटलं. तिसरा आठवडा, तेच उत्तर. दुखत नसेल तर शून्य, सहनच होत नसेल तर दहा, हे मी बावीस वर्षं प्रत्येक पेशंटला सांगत आले आहे.

अर्धांगवायूने काकांची डावी बाजू गेली होती. त्या खांद्याच्या हाडाखाली पहिल्या आठवड्यात माझं एक बोट मावायचं, आज दोन मावली. म्हणजे सांधा निखळत चालला होता. हात जरा बाजूला नेला की कपाळावर घाम, आणि तोंडाने शून्य! एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. किती लबाड पकडले असतील, आणि इथे स्वतःच बिनतिकीट.

"काकू, यांचा हात घरी कोणी ओढतं का?"

"छे हो! दुसरं कोण हात लावणार? सगळं मीच करते."

'लुळा हात धरून उठवू नका' असं चित्रासकट दवाखान्याच्या भिंतीवर लावलंय. पण पालथ्या घड्यावर पाणी. मी काकूंना फाइलवर शिक्का मारून आणायला पिटाळलं.

"आता खरं सांगा, काका. नाहीतर दुसरा डॉक्टर बघा."

काकांनी दाराकडे पाहिलं. "सकाळी उठवताना नऊ. पलंगाच्या उजवीकडे भिंत आहे, म्हणून ती डावा हात धरून ओढते. तिला सांगू नका. बिचारी जीव तोडून करते."

माझं डोकंच फिरलं. "अहो, तुमच्या या भिडेपायी हात कायमचा जाईल! एवढं दुखतंय ते बायकोला सांगता येत नाही?"

दारात काकू उभ्या होत्या. फाइल छातीशी धरलेली.

"नऊ?" त्यांनी विचारलं.

मला स्वतःचीच लाज वाटली. ओरडायची काय गरज होती? मी काकांच्या कमरेला रुंद पट्टा बांधला. पट्टा कसा धरायचा, गुडघ्याला गुडघा कसा लावायचा, ते दाखवलं. पलंग भिंतीपासून सरकवायला सांगितलं. काकू मान डोलवत होत्या.

"आता तुम्ही उठवा."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको. तुम्हीच उठवा त्यांना."

"अगं, ये ना," काका म्हणाले. "या डॉक्टर तर जातील त्यांच्या घरी. उद्या सकाळी मला कोण उठवणार?"

काकू जागच्या हलल्या नाहीत.

"ये. या वेळी खरं सांगतो."

मग त्या आल्या. पट्टा दोन्ही हातांनी धरला, ओठ घट्ट मिटले आणि उचललं. काका उभे राहिले, थोडे डुलत.

"किती?" मी नाही, काकूंनी विचारलं.

शून्य अगदी काकांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं.

"तीन."

मी फाइलवर तीन लिहिलं. काकांना आता खुर्चीत बसवायला हरकत नव्हती. मी तसं दोनदा सांगितलंही, पण काकूंनी पट्टा सोडला नाही.