ओंडक्यांना लेप

नल्लकुंट्याच्या चतुराबाईंनी परसातला शिसव पाडला तो मुलींसाठी. त्यांच्या ओसरीवर मराठी शिकायला येणाऱ्या मुली गार फरशीवर बसून खोकत. त्यांना बाकं हवी होती. या शाळेला सरकारची परवानगी नव्हती. बाईंनी ती मागितलीच नव्हती, त्यामुळे नाकारायची संधी सरकारला मिळाली नव्हती.

ताज्या कापलेल्या लाकडाचं पाणी कापल्या तोंडांतून भराभर उडतं आणि लाकूड तडकतं, म्हणून तोंडं लिंपावी लागतात. बाईंनी घरात होतं त्यात भागवलं. एका ओंडक्याला तेलात कालवलेला शेंदूर, दुसऱ्याला डिंक घातलेला चुना, तिसऱ्याला खिडक्यांचा उरलेला हिरवा रंग. मग खुंटांच्या आधाराने ओंडके अंगणात एकावर एक रचून घेतले, वरून खाली याच क्रमाने, तोंडं रस्त्याकडे. हैदराबाद अजून निजामाचं होतं आणि तिरंगा लावणाऱ्याची रवानगी तुरुंगात होत होती.

"माझी नोकरी जाईल," सरकारी कचेरीत कारकून असलेले बाईंचे यजमान केशवराव म्हणाले.

"लाकूड वाळतंय हो. तुम्ही जेवून घ्या."

पोलीस ठाण्याचे अमीन, म्हणजे फौजदार, मुकुंदराव दोन शिपाई घेऊन आले.

"बाई, ये क्या तमाशा लावलाय?"

"लाकडाला लेप."

"एकच रंग लावायचा."

"पुरला नाही."

"खरवडा तो."

"तडे जातील. मग बाकं होणार नाहीत, आणि तुमची रजनी अशीच फरशीवर बसून खोकेल."

आपली मुलगी विनापरवाना शाळेत जाते हे शिपायांना कळू नये म्हणून मुकुंदराव स्वतःच जोरात खोकले. मग म्हणाले, "ठीक. खरवडू नका. तोंडं फिरवा."

शिपायांनी घामाघूम होऊन एकेक ओंडका उतरवला, फिरवला, पुन्हा रचला. ओंडक्याला तोंडं दोन असतात, हे रचून झाल्यावर साहेबांच्या लक्षात आलं. बाईंनी दोन्ही लिंपली होती. पुन्हा उचलायला सांगितलं तेव्हा शिपायांनी कंबर धरली. शेवटी ओंडके झाकले जावेत म्हणून एका शिपायाला त्यांच्यासमोर उभं केलं. पोलीस कशावर पहारा देतायत ते बघायला पार बरकतपुऱ्याहून माणसं आली.

भादव्यात निजामाने भारताच्या फौजेपुढे हत्यारं टाकली. मुकुंदराव पांढरी टोपी घालून, हार घेऊन हजर.

"बाई, ओंडके द्या. सुलतान बाजारात मिरवणूक आहे. तुमचा सत्कारही ठेवलाय."

"जमायचं नाही. करवतवाले आलेत."

करवत खरंच चालू होती. फळ्या पाडण्याआधी रंगवलेली टोकं छाटणं चाललं होतं. मुकुंदराव धावत जाऊन आडवे आले.

"अहो, हा झेंडा आहे."

"लेप आहे. तेव्हाही हेच सांगितलं होतं."

"देशाचा अपमान आहे हा. मला अटक करावी लागेल."

"करा. बाकं झाली की येते." बाईंनी करवतवाल्याला मानेने खूण केली. "आणि उभेच आहात तर तेवढं टोक दाबून धरा. फार हलतंय."

मुकुंदरावांनी इकडेतिकडे पाहिलं, हार केशवरावांच्या हातात दिला आणि टोक दाबून धरलं.